बारा फूट दोन इंच

पोटात गुपित ठेवण्याच्या बाबतीत माळव्यातल्या आमच्या अख्ख्या धार शहरात माझा हात धरणारा कोणी नाही, अशी माझी अगदी गेल्या वैशाखापर्यंत ठाम समजूत होती. सरकारी खात्यात चौतीस वर्षं बाबूगिरी केली, पण साहेबांच्या टेबलावरचा कागद माझ्या ओठांवर कधी आला नाही. निवृत्तीनंतर भाऊंनी मला कार्यालयात पत्रव्यवहार पाहायला बोलावलं ते याच कीर्तीवर. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचे पार्षद, नगरसेवक. "माधवकाका, तुम्ही तिजोरी आहात, तिजोरी," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि मी मान खाली घालून ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचो.

प्रकरण स्वागतद्वाराचं. भाऊंनी आपल्या स्वर्गवासी वडिलांच्या नावानं कॉलनीच्या तोंडाशी एक द्वार बांधलं होतं. वर दोन हत्ती, मध्ये कमळ, खाली वडिलांचं नाव. उद्घाटनाला मंत्रीजी येणार आणि फुलांच्या रथावर उभे राहून द्वारातून आत शिरणार, असा बेत होता. दहा दिवस आधी, एका शनिवारी भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं तेव्हा, रंगीत तालीम घेतली. रथ म्हणजे सजवलेली जीप. ती चालवत होता पीयूष, म्हणजे भाऊंचा पी.ए., आणि मंत्रीजींच्या जागी फेटा बांधून खुद्द भाऊ उभे. जीप द्वाराखाली शिरली आणि पलीकडे निघाली तेव्हा भाऊ होते, फेटा नव्हता.

फेटा कमळाला लटकत होता.

पीयूष जीप लावायला गेला तेवढ्यात भाऊंनी आणि मी टेप लावून माप घेतलं. बारा फूट दोन इंच. मंत्रीजी रथावर उभे राहिले की तेरा फूट सहज होतात. ठेकेदार फोनवर म्हणाला, "भिया, नक्शे में तो एकदम बराबर था," आणि त्यानं नकाशाला दोष देऊन फोन ठेवला.

तोड पीयूषनं काढली. मंत्रीजींनी द्वाराच्या अलीकडे रथातून उतरायचं आणि हात जोडून पायी आत यायचं. प्रेस नोट अशी: 'माननीय मंत्रीजी नम्रभावाने पैदल प्रवेश करतील.' मराठी समाजासाठी मराठी मसुदा मी लिहिला. हिंदी नोट नीतूनं टाइप केली. नीतू ही आमची कंप्यूटर ऑपरेटर. माहेर देवासचं, सासर धारचं, बोलायला कमी आणि कामाला वाघीण. मसुदा वाचून ती एवढंच म्हणाली, "काका, मंत्रीजी नम्र आहेत हे मंत्रीजींना कोणी सांगितलंय का?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

"ही बात या खोलीच्या बाहेर जाता कामा नये," भाऊ म्हणाले. मी छातीवर हात ठेवला. घरी सुमंगलेला, म्हणजे आमच्या हिला, ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, दत्तमंदिरातल्या कीर्तन-सप्ताहाची समाप्ती होती आणि ह.भ.प. वैभवीताई दुपारी आमच्याकडे जेवायला होत्या. काय तो गळा, काय तो पूर्वरंग! ताई वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण गादीवर उभ्या राहिल्या की मी आपोआप हात जोडतो. त्या दिवशी पुरणपोळी होती. पण त्याचा इथे काही संबंध नाही.

बुधवारी देवासच्या 'दो टूक मालवा' नावाच्या सांजपत्रात पहिल्या पानावर चौकट आली: 'धार में द्वार नाटा, मंत्री का पैदल नाता.' नाटा म्हणजे ठेंगणा.

देवासच्या! धारच्या एकाही पत्रकाराला पत्ता नाही, आणि शंभरेक किलोमीटर दूर, मध्ये अख्खं इंदूर सोडून, देवासला बातमी! भाऊंच्या तोंडचा पोह्यांचा घास तसाच राहिला. "अपने में से कोई आहे," ते म्हणाले, आणि खोलीतल्या प्रत्येकाकडे आळीपाळीनं पाहिलं. मीही पाहिलं. पाहताना लक्षात आलं की संशयानं पाहायला लागलं की माणसं खरोखरच संशयास्पद दिसतात. पीयूष दर दोन मिनिटांनी मोबाइल उलटा ठेवत होता. नीतू पाणी पीत होती. या वेळी कोणाला तहान लागते?

पीयूषनं तातडीनं खंडन काढलं. 'द्वार की ऊँचाई कम होने की भ्रामक खबर निराधार है' असा मजकूर तयार करून त्यानं तो धारच्या अकरा पत्रांना पाठवला. त्या अकरांपैकी एकालाही तोवर उंची ठाऊक नव्हती. संध्याकाळी अकराचे अकरा फोटोग्राफर द्वाराखाली बांबू घेऊन उभे होते.

मग गोपनीयतेचं शपथपत्र निघालं. 'मी कार्यालयातील कोणतीही गोपनीय बाब, विशेषतः द्वाराची उंची, बाहेर सांगणार नाही' असं प्रत्येकानं लिहून द्यायचं. ते स्टँप पेपरवर पाहिजे असं पीयूष म्हणाला. स्टँप वेंडर म्हणाला, कारण लिहा. कारण लिहिलं. नोटरी म्हणाला, दोन साक्षीदार आणा. समोरचा चहावाला आणि पानवाला आणले. मग चार प्रती झेरॉक्स करायला दिल्या. तासाभरात बसस्टँडवरच्या एका अनोळखी इसमानं मला थांबवून विचारलं, "काकाजी, वो बारह फुट वाला मामला आपका ही है क्या?" बारा फूट नुसता अंदाज होता त्याचा, पण माझ्या पायाखालची जमीन सरकली.

मोबाइल बंदी आली. सगळ्यांचे मोबाइल सकाळी पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात जमा. दिवसभर डबा कपाटात थरथरत असायचा. कोणाचा वाजतोय कळायचं नाही, म्हणून प्रत्येक वेळी सगळेच उठायचे. फक्त नीतू रोज सकाळी नवाच्या सुमाराला मोबाइल डब्यात टाकायच्या आधी बाहेर ओट्यावर जाऊन कोणाशी तरी पंधरा मिनिटं बोलायची. हळू आवाजात. एकदा मी कान दिला तर 'देवास' हा शब्द स्पष्ट ऐकला. आणि ती हसत होती!

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगतो. मी भाविक माणूस. कोणाबद्दल वाईट चिंतणं पाप मानतो. पण भाऊंनी मला एकट्याला आत बोलावून, "काका, तुमच्याशिवाय भरोसा कोणावर? तुम्हीच शोधा," म्हटलं तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं. मी संशयितांची यादी केली. पहिली नीतू, दुसरा पीयूष, तिसरा ठेकेदार. स्वतःचं नाव घालायचा प्रश्नच नव्हता. यादी नीट दिसावी म्हणून टाइप करायची होती, आणि कंप्यूटर मला येत नाही. म्हणून ती मी नीतूलाच दिली.

तिनं वाचली. टाइप केली. विचारलं, "काका, कॉपी किती?"

"दोन," मी म्हणालो, आणि तिच्या या धीटपणाचीही वहीत नोंद केली.

शेजारी मारुतीराव म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपी. त्यांचं दुकान आमच्या ओट्याला लागून, गळ्यात कायम टेप. मी त्यांना मूळ गोष्ट सांगितली नाही, फक्त "समजा एखादं माप फुटलं तर" एवढंच विचारलं. ते कात्री थांबवून म्हणाले, "सोपं आहे नी. प्रत्येकाला वेगळं माप सांगा. जे छापून येईल त्याचा माणूस चोर." पुढे म्हणाले, "आणि काका, द्वार पाडून टाका, हेच बरं." म्हणजे यांनाही ठाऊक! मी त्यांचं नाव यादीत चौथं घातलं.

पण तोड भारी होती. फोटोग्राफरांच्या बांबूवर खुणा नव्हत्या; इंचापर्यंतचं खरं माप आजवर फक्त भाऊंना आणि मला ठाऊक होतं. मी पीयूषला सहज बोलता बोलता सांगितलं, "अकरा फूट नऊ इंच भरलं हो." नीतूला सांगितलं, "बारा फूट सात." आणि दबा धरून बसलो.

शनिवारी 'दो टूक मालवा'मध्ये आलं: 'बारह फीट दो इंच.'

मी पेपर तीनदा वाचला. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. खरं माप! भाऊ आणि मी. मी नाही. म्हणजे भाऊ! दिवसभर मी भाऊंकडे चोरून पाहत होतो. स्वतःच्या वडिलांच्या नावाचं द्वार, स्वतःच बदनाम करायचं, याच्यामागे केवढं खोल राजकारण असेल! ते शिंकले तरी मला त्यात अर्थ दिसायला लागला. शेवटी राहवलं नाही, आत जाऊन सगळं सांगितलं. फक्त निष्कर्ष सांगितला नाही.

भाऊंचा हिशेब माझ्यापेक्षा सरळ होता. "मी तर नाही. तुम्ही तर होऊच शकत नाही. मग आपण माप घेत होतो तेव्हा द्वारासमोर, आपल्या ऑफिसच्या दारात कोण उभं होतं? नीतू. रोज देवासला फोन कोणाचा? नीतूचा. बस." त्यांनी मला नीतूचं हिशेबपत्र, म्हणजे शेवटच्या पगाराचा कागद, करायला सांगितलं. "सोमवारपर्यंत तिनं कबूल केलं नाही तर मंगळवारपासून येऊ नको म्हणावं."

मी बाहेर आलो तेव्हा ती कोणाच्या तरी विधवा पेन्शनचा फॉर्म भरून देत होती. तिचा नवरा पीथमपुरात कारखान्यात शिफ्टमध्ये, लेक पहिलीत. नोकरी गेली तर दुसरी मिळेलही. पण धार केवढंसं आहे? 'पार्षदांच्या ऑफिसातून बात फोडली म्हणून काढली' हे वाक्य तिच्या पुढे पुढे चालत जाईल, आणि प्रत्येक ऑफिसात तिच्या आधी पोचेल. माझ्या वहीत तिच्याविरुद्ध सात नोंदी होत्या, आणि आता मला त्यांतली एकही आवडेना. बारा फूट सात छापलं असतं तर गोष्ट वेगळी. छापलं दोन. मी भाऊंना म्हटलं, "एक दिवस द्या. देवासला जाऊन मी त्या पत्रकारालाच विचारतो."

रविवारी सकाळी इंदूरची बस, तिथून देवासची. पत्रकाराचं नाव अंबरीश. टेकडीच्या पायथ्याशी एका मोबाइलच्या दुकानाच्या वर त्याचं ऑफिस. मी जिना चढून दम खाल्ला आणि कायद्याची भाषा वापरली. त्यानं मला पाणी दिलं.

"सोर्स कसा सांगू काका? धर्म असतो आमचा."

"माझाही धर्म आहे. एका निरपराध मुलीची नोकरी जाते आहे."

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "सोर्स असा काही नाहीच हो. पब्लिक प्रोग्राम आहे. आज शेवटचा दिवस. पाच वाजता राममंदिरात जाऊन बसा, तुम्हीच ऐका." आणि हसला. मला तो हसणारा माणूस मुळीच आवडला नाही. पण राममंदिरात पाच वाजता वैभवीताईंचं कीर्तन होतं हे मला माहीत होतं, आणि तसाही मी जाणारच होतो. मनात म्हटलं, काम होवो न होवो, कीर्तन तर पदरात पडेल. तो खबऱ्या श्रोत्यांतच कुठे बसत असणार. बसू दे. मी त्याच्या मागेच बसतो.

पुढे जागा मिळाली. नमन झालं, पूर्वरंग झाला, विषय नम्रतेचा. ताईंचा आवाज तबल्यावर असा उतरत होता की मी पत्रकार, खबऱ्या, द्वार, सगळं विसरलो. बुक्का लागला, हार घातला, मध्यंतरानंतर ताईंनी पदर खोचला आणि झांजा उचलून म्हणाल्या, "आठवडाभर आपण ज्या राजाची गोष्ट ऐकतो आहोत, त्याच्या उद्घाटनाचा आज दिवस!"

सभागृहात खुसखुस पिकली. बायका पुढे सरकल्या.

"एक होता राजा. त्यानं बांधलं एक महाद्वार. वर हत्ती, मध्ये कमळ. पण द्वाराची उंची किती?"

आणि समोरचे तीनशे श्रोते एका सुरात म्हणाले, "बारा फूट दोन इंच!"

झांजा वाजल्या. माझ्या छातीत त्याच वेळी काहीतरी वाजलं.

ताई गात होत्या. राजाचा फेटा कमळाला कसा लटकला, प्रधान म्हणाला 'महाराज, याला आपण नम्रता म्हणू,' आणि राजवाड्यात एक वृद्ध, विश्वासू कारकून होता, तो डोळ्यांत पाणी आणून कसा म्हणाला... मला तो कारकून ओळखीचा वाटायला लागला. मग पुरणपोळी आठवली. तुपाची वाटी आठवली. पाटावर बसलेल्या ताई आठवल्या, "माधवराव, चेहरा उतरलेला दिसतो, काय काळजी आहे?" हा प्रश्न आठवला. आणि फेट्यापासून इंचापर्यंत, एक कण न वगळता, सगळं सांगणारा माझाच आवाज आठवला.

देवाशपथ सांगतो, तोवर ते मला सांगणं वाटलंच नव्हतं. देवापुढे बोललेलं कोणी 'बोललं' म्हणतं का? गादीवरच्या माणसाला सांगितलं ते देवाला सांगितलं, अशी आमच्या घराण्याची चार पिढ्यांची समजूत. पण ती गादी कोणाची, याचा विचार चार पिढ्यांत कोणीच केला नव्हता. नारदाची! तिन्ही लोकांत इकडची वार्ता तिकडे नेणं हेच ज्यांचं व्रत, त्यांच्या गादीपुढे मी बारा फूट दोन इंच ठेवून आलो होतो.

आरती झाल्यावर मी ताईंसमोर उभा राहिलो. त्या आनंदानं म्हणाल्या, "अगंबाई, माधवराव! किती सुंदर दृष्टान्त दिलात हो तुम्ही! मी नाव मात्र कोणाचं घेतलं नाही हं. धारचा म्हणून लोकांनीच ओळखला." त्यांच्या मनात पाप नव्हतं. पाया पडलो.

वळतो तर मागे एक बाई उभ्या. "तुम्ही नीतूच्या ऑफिसातले काका ना? मी तिची आई. रोज सकाळी मी तिला फोनवर आदल्या दिवशीचं कीर्तन सांगते. पहिल्याच दिवशी म्हणाली, 'माई, हा कारकून तर आपले माधवकाका!' किती हसली पोर!"

म्हणजे तिला मंगळवारपासून ठाऊक होतं.

मी तिथूनच भाऊंना फोन लावला. "भाऊ, बात मी फोडली."

"काका, तुम्ही थकला आहात. जेवून घ्या."

"भाऊ, खरंच मी!"

"मोठं मन आहे तुमचं, काका. पण मुलीला वाचवायला एवढं खोटं बोलू नका. तुम्हाला जमत नाही."

सोमवारी कार्यालयात मी उभं राहून कबुली दिली. पीयूष म्हणाला, "काका बहुत इमोशनल हो गए हैं." लेखी कबुली दिली. भाऊंनी ती वाचायचा प्रयत्न केला, मराठी जोडाक्षरांत अडकले, आणि खिशात घातली. पाच दिवस मी निरपराध माणसांवर संशय घेत हिंडलो, आणि आता अपराध घेऊन दारोदार फिरतोय तर कोणी संशय घ्यायला तयार नाही! एवढा अपमान माझा चौतीस वर्षांच्या नोकरीत झाला नव्हता. शेवटी मी डब्यातून मोबाइल काढला, ताईंना लावला आणि स्पीकर उघडा केला.

"हो, माधवरावांनीच सांगितलं," ताईंचा गोड आवाज आला. भाऊंनी हात जोडून विचारलं, "ताई, आणखी काही म्हणाले का?"

"पुष्कळ! गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे जेवायला होते तेव्हा नाही का, तुम्ही भाषणाच्या आधी देवघरात लपता ते. आणि मिशीच्या कलपाचं. किती प्रेमानं बोलतात ते तुमच्याबद्दल!"

भाऊंचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. तेवढ्यात डब्यात पीयूषचा मोबाइल वाजला. मंत्रीजींच्या बंगल्यावरून निरोप होता: साहेबांचे गुडघे धरले आहेत, रथाबिथावर ते वर्षभर चढलेले नाहीत, बंद कारनं येतील, कारनंच द्वारातून जातील.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

भाऊंनी नीतूचं हिशेबपत्र फाडलं. मला म्हणाले, "काका, काढत तुम्हाला नाही. पण उद्यापासून बाहेरच्या ओट्यावर बसा. फॉर्म भरा लोकांचे. तिथं गुपित काही येत नाही." घरी सुमंगला म्हणाली, "त्या दिवशी वाढत होते तेव्हा मी डोळ्यांनी खुणावलं तर म्हणालात, 'अजून एक पोळी वाढ.'"

दुपारी मी नीतूच्या टेबलापाशी गेलो. "तुला ठाऊक होतं. मग भाऊंना सांगितलं का नाहीस?"

ती टाइप करता करता थांबली. "सांगून काय होणार होतं, काका? तुमच्याविरुद्ध पुरावा दिला तरी कोणी मानलं नसतं. माझ्याविरुद्ध नसतानाच मानलं." मग जरा हळू म्हणाली, "आणि तुम्ही यादीत पहिलं नाव माझं लिहिलंत. माझ्याच हातात दिलंत. त्या दिवशी सांगायची इच्छाच गेली."

मी घरी जाऊन बसलो आणि चांगल्या कागदावर माफीपत्र लिहिलं. शुद्ध, प्रौढ मराठीत, आरंभी श्रीराम, मध्ये पश्चात्ताप, शेवटी नम्र विनंती. भाषा अशी साधली होती की लिहिताना माझेच डोळे दोनदा भरले. तिनं ते उभ्यानं वाचलं.

"सुंदर आहे. पण हे माझ्या पर्समध्ये राहून काय उपयोग? बाहेरच्या पाटीवर लावा. आणि हिंदीत लिहा, काका. भाऊंना हे वाचता येत नाही, चहावाल्याला नाही, माझ्या सासरच्यांनाही नाही. माझं नाव खराब झालं ते हिंदीत झालंय."

मी हिंदीत लिहिलं. चार ओळी. 'बात मैंने फोड़ी थी. नीतूजी का कोई दोष नहीं. शक मैंने किया, गलत किया.' खाली सही, माधव. पाटीवर चार टाचण्या ठोकून ते लावलं, आणि शेजारीच माझं नवं टेबल होतं तिथं बसलो. चहावाला आला, मोठ्यानं वाचून गेला. पानवाला आला. पेन्शनवाल्या बाया आल्या, त्यांना चहावाल्यानं पुन्हा वाचून दाखवलं. संध्याकाळी नीतूचा नवरा शिफ्टच्या बसमधून उतरून तिला न्यायला आला. त्यानं सगळं दोनदा वाचलं, सहीवर बोट ठेवलं आणि गर्दीकडे वळून विचारलं, "ये माधव कौन है?"

मी हात वर केला.